भट्टीला कर्ज मिळते, वाळू कोण तपासणार?

मा. संपादक,
स.न.

गोदावरीला पूर आला की आपल्या पहिल्या पानावर नाशिकच्या पात्रातला दुतोंड्या मारुती असतो, पुराची उंची त्या मूर्तीवर मोजतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. फारच झाले तर नारोशंकराच्या घंटेची आठवण निघते (ती घंटाही ओतीवच, वसईच्या 1739 च्या विजयानंतर इकडे आलेली). आम्ही फाउंड्रीवाले, म्हणजे धातूचे ओतकाम करणारे, पाऊस दुसरीकडे मोजायचो. आषाढ लागला की शेडमागचा रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, ढीग वाढायला लागायचा. मी आधी अंबडला आणि मग सिन्नरला मिळून चौतीस वर्षे या कामात काढली. मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, म्हणून लागलो, सुपरवायझर म्हणून बाहेर पडलो. त्या ढिगाबद्दलच लिहायचे आहे.

ओतकामाची वाळू कोरडी नसते. शंभर किलोत साधारण तीन-साडेतीन किलो पाणी, सोबत बेंटोनाइट ही चिकट माती आणि थोडी कोळशाची पूड. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस चौदाशे अंशांच्या आसपास साच्यात पडतो तेव्हा त्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे पट जागा मागते. वाळूच्या कणांमधून ती बाहेर पडली तर ठीक. वाळूत बारीक भुकटी साचली असेल किंवा पाणी एक टक्क्याने जास्त झाले असेल, तर वाफ रसात शिरते आणि तिथेच अडकते. वरून कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, चकचकीत दिसते. ग्राहकाच्या मशीनवर चढून दोन मिलिमीटर कापले गेले की पोटातले भोक उघडे पडते. मग कास्टिंग भंगाराच्या भावाने परत येते आणि वर मशीनिंगच्या खर्चाची डेबिट नोट येते.

पावसाळ्यात नवी वाळू ओली येते, जुनी वाळू शेडमध्ये दमट होते. वाळू कालवायच्या मिलवरचा माणूस मूठ दाबून, लाडू मोडून पाहतो आणि अंदाजाने पाणी टाकतो. तो अंदाज वीस वर्षांच्या हाताचा असतो, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण तो माणूस लग्नाला गावी गेला की त्या आठवड्याचे रिजेक्शन बघा.

धातूंच्या कास्टिंगमध्ये भारत जगात चीनच्या खालोखाल दुसरा आहे, हे आपण कौतुकाने छापता. भाषणांत तर प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये सापडलेला काशाचा रथ आणि हत्तीही येतात. अभिमान मलाही आहे, पण त्या रथाने माझे ब्लोहोल, ती पोटातली भोके, कधी बुजवले नाहीत. या दुसऱ्या क्रमांकामागे बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीस माणसांच्या शेडच आहेत. तिथे धातुशास्त्र शिकलेला एकही माणूस नसतो. परवडतच नाही. सरकारला हे सुचले नव्हते असेही नाही. 1966 मध्येच युनेस्कोच्या सहकार्याने रांचीला फाउंड्री आणि फोर्जिंगची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथली मुले हुशार, पण ती मोठ्या कारखान्यांत जाणार, सिन्नरच्या शेडमध्ये कशाला येतील? आयटीआयमध्ये फाउंड्रीमन हा ट्रेड आहे, रांग मात्र इलेक्ट्रिशियन आणि फिटरसाठी. धूळ, धग आणि फुप्फुसात जाणारी सिलिका पाहून बाप स्वतःच मुलाला सांगतो, तू इकडे येऊ नको. मीही सांगितले.

आता उद्योग मजबूत करायचा म्हटले की चर्चा थेट भट्टीवर येते. नवी विजेवरची इंडक्शन भट्टी, नवी मोल्डिंग लाइन, त्यावर कर्ज, त्यावर अनुदान. यंत्रे हवीतच. पण हिशोब पाहा. चांगल्या इंडक्शन भट्टीतही एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. ओतलेल्या शंभर किलोतले साठ-पासष्ट किलोच कास्टिंग होते, बाकी रनर-रायझर, म्हणजे रस आत नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत थिजलेले लोखंड, तोडून पुन्हा भट्टीत जातात. साठ किलो धरले तर एक टन कास्टिंगमागे हजार युनिट झाले. त्यात शंभरातले दहा नग रिजेक्ट झाले, की दर टन चांगल्या मालामागे आणखी शंभरावर युनिट नुसती वाया. भट्टी कितीही नवी घ्या, ही गळती वाळूच्या मिलपाशी सुरू होते आणि तिथे कुणी अनुदान देत नाही.

माझे साडू दिंडोरी तालुक्यात द्राक्ष बागायतदार आहेत. त्यांच्याकडे गेलो की मला नेहमी वाटते, आम्ही एकाच जिल्ह्यात राहतो का? ते छाटणीनंतर पान-देठ परीक्षण करतात, मातीचा अहवाल फाइलला लावतात, कोणती फवारणी कोणत्या दिवशी केली ते वहीत लिहितात. 2006 पासून निर्यातीच्या बागांची ग्रेपनेटवर नोंदणी आहे, पेटी कुठल्या प्लॉटमधली ते युरोपात बसून कळते. 2010 साली संजीवकाच्या, त्या सीसीसीच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा इथे केवढी पळापळ झाली ते आपल्याच पानांवर होते. पण त्या रिजेक्शनवर सगळे एकत्र बसले. बागायतदार संघ, कृषी विभाग, मांजरीचे द्राक्ष संशोधन केंद्र, प्रयोगशाळा. नंतरही द्राक्षे जात राहिली, ती तपासणी आणखी कडक करूनच.

फाउंड्रीत उलटे आहे. द्राक्षवाला डाग पडलेला घड शेजाऱ्याला बांधावर बोलावून दाखवतो. आमचा मालक रिजेक्ट माल ताडपत्रीखाली झाकतो, पलीकडच्या गाळ्यातल्याला कळू नये म्हणून. पलीकडच्या गाळ्यातही तेच भोक आणि तीच ताडपत्री.

ग्राहकांचाही वाटा आहे, आणि तो मोठा आहे. नाशिकच्या बहुतेक फाउंड्र्या वाहन उद्योगाच्या जिवावर जगतात. एका ग्राहकाचा (नाव नको) ब्रॅकेट आम्ही वर्षभर ओतला. एका जागी पातळ भिंत अचानक जाड बॉसला (उंचवट्याला) काटकोनात भिडत होती. जाड भाग शेवटी थिजतो, तेव्हा तो रस मागतो आणि पातळ भिंत आधीच थिजून वाट बंद करून बसलेली असते. आत पोकळी राहणारच. आम्ही महिनोन् महिने डेबिट भरला. शेवटी एक तरुण इंजिनिअर चुकून आमच्या शेडमध्ये आला, अर्धा दिवस उभा राहिला, कोपऱ्याला गोलाई दिली आणि रायझर हलवू दिला. पोकळी गेली. ड्रॉइंग काढणाऱ्याने त्याआधी कधी रस ओतताना पाहिला नव्हता. असे दोष संगणकावर ओतण्याआधीच दिसतात. त्याची प्रणाली आपल्या आयआयटी मुंबईतही तयार झालेली आहे. पण ती वीस माणसांच्या शेडपर्यंत घेऊन कोण येणार?

पैशांचे तर विचारू नका. 2006 च्या कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे आहेत. 2024 पासून प्राप्तिकराचाही चाप आहे, मुदतीत न दिलेले पैसे देईपर्यंत खर्चात धरता येत नाहीत. तरी तक्रार करायला कोण धजावतो? तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्याला.

विजेच्या गाड्या आल्या की इंजिनचे ब्लॉक आणि हेड ओतायचे काम कमी होत जाणार, हे उघड आहे. पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर, शेतीची अवजारे राहतील. एसजी आयर्नला, म्हणजे आत ग्रॅफाइटचे गोळे असलेल्या चिवट बिडाला, मागणी राहील. पण एसजी म्हणजे मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर दहा-बारा मिनिटांत ओतणे, नाहीतर परिणाम उडून जातो आणि ग्रॅफाइटचे गोळे होतच नाहीत. तिथे मुठीतल्या वाळूचा अंदाज चालत नाही आणि नमुन्याची ओतलेली पाचर मोडून तिचा रंग पाहणारे म्हातारे आता माझ्यासारखे घरी बसलेत.

म्हणून एक सुचवतो. अंबडला इंजिनिअरिंग क्लस्टर आहे, निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत, जिल्हा उद्योग केंद्र आहे. या सगळ्यांनी मिळून नवी इमारत बांधू नये. नुसती एक गाडी घ्यावी. वाळूतला ओलावा, वायू जाऊ देण्याची क्षमता आणि वाळूची ताकद मोजायची साधने आणि चाळण्यांचा संच, एवढे सगळे एका छोट्या टेम्पोत मावते. गाडीसोबत एक जाणता माणूस आणि पॉलिटेक्निकची दोन पोरे. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेडमध्ये जायचे, मिलपाशी उभे राहून वाळू तपासायची, आकडा तिथेच फळ्यावर लिहायचा. महिन्यातून एकदा सगळ्यांनी आपापले रिजेक्शन टेबलावर आणून फोडायचे, ग्राहकाच्या ड्रॉइंगवाल्याला समोर बसवून. खर्च मोठ्या ग्राहकांनी उचलावा, कारण त्यांच्या लाइनीही आमच्या भोकांमुळेच थांबतात.

मालक आत येऊ देणार नाहीत, असे मला एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले. पहिले दोन पावसाळे नाही देणार. साडूंच्या वडिलांनीही माती तपासायला आलेल्याला चहा पाजून बांधावरूनच परत पाठवले होते.

गाडी निघालीच, तर आठवड्यातले दोन दिवस मी यायला तयार आहे. पेट्रोलचे पैसे मिळाले तर बरे.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री सुपरवायझर, सिडको, नाशिक
(ज्यांच्याकडे नोकरी केली ती मंडळी अजून भेटतात, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)