'वाइपआउट'चा वेग भारीच, पण आता नवा भाग हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात व्हिडिओ गेमचा विषय निघाला की व्यसन, चष्मा आणि आईबापांची काळजी यापुढे गाडी सरकतच नाही. तेही खरंय, पण सिनेमाचं परीक्षण येतं तसं एखाद्या गेमचं पण यावं की, म्हणून सोनीच्या पीएस फोर (प्लेस्टेशन ४) या गेमच्या यंत्रावरच्या 'वाइपआउट ओमेगा कलेक्शन'बद्दल लिहितोय.

हा २०१७ साली आलेला गेम, भविष्यातली रेसिंग, चाकं नसलेली यानं जमिनीच्या जरा वरून तरंगत सुसाट पळतात. वेगाचे चार क्लास आहेत, वेनम, फ्लॅश, रेपियर आणि फँटम. वेनममध्ये नुसतं स्टिअरिंग फिरवून भागतं पण फँटमला गेलात की वळण दिसायच्या आधी हात हलला पाहिजे, डावा-उजवा एअरब्रेक (यानाची ती बाजू मागे ओढणारा ब्रेक) वेगवेगळ्या बटणावर असतो, तो दाबून यानाचं तोंड आधीच आत वळवायचं, जरा उशीर झाला की भिंतीला घासलंच. उडी आली की हवेत स्टिक डावी-उजवी-डावी फिरवायची, यान गिरकी घेतं आणि खाली टेकताना बूस्ट, म्हणजे वेगाचा जादा झटका मिळतो, पण त्यासाठी यानाची थोडी एनर्जी, म्हणजे मार सोसायची ताकद जाते. म्हणजे आधीच मार खाल्ला असेल तर गिरकी घ्यायची का नाही हे त्या अर्ध्या सेकंदात ठरवायचं, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. झोन मोडमध्ये तर वेग आपोआप वाढत जातो, थांबायचं नाहीच, यान फुटेपर्यंत फक्त टिकायचं. अख्खा ट्रॅक रंग बदलत राहतो, भयंकर सुंदर दिसतं, मात्र ज्यांना फिट्सचा त्रास आहे त्यांनी याच्यापासून लांबच राहावं.

माझा आठवीतला भाचा पायलट असिस्ट लावून खेळतो, त्यात यान भिंतीपासून आपोआप सावरतं, त्यामुळे नवीन माणूस कंटाळून उठत नाही. एकाच टीव्हीवर दोघांना खेळता येतं हेही मस्त.

आता तक्रारी. एकट्याने खेळताना शस्त्रांचा वैताग येतो, पूर्ण रेस नीट चालवली आणि शेवटच्या वळणावर मागून मिसाइल आलं की पहिल्याचा चौथा नंबर, यात कौशल्य कुठंय? करिअर, म्हणजे एकट्याने एकेक रेस जिंकत पुढे जायचा भाग, ही नुसती रेसची जंत्री, गोष्ट नाही की कुणाशी वैर नाही. मालिकेतल्या '२०४८' या जुन्या गेममधून घेतलेल्या ट्रॅकवर शहराच्या गर्दीत रस्ता कुठे वळतोय तेच पटकन कळत नाही.

पण खरी खंत वेगळीच आहे. २६ ट्रॅक आणि ४६ यानं ऐकायला बक्कळ वाटतात, पण सगळा माल जुना, याच मालिकेतले 'एचडी', 'फ्युरी' आणि '२०४८' एकत्र करून चकचकीत केलेला. त्यात 'एचडी'तले बरेच ट्रॅक मुळात पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या यंत्रावरच्या 'प्युअर' आणि 'पल्स' या भागांमधले. १९९५चा पहिला गेम किंवा त्यानंतरचा '२०९७' यात नाहीच. ज्या लिव्हरपूलच्या स्टुडिओने ही मालिका उभी केली तो सोनीने २०१२ मध्ये बंद केला आणि तेव्हापासून कन्सोलवर (पीएस फोरसारख्या गेमच्या यंत्रांवर) एकही नवीन भाग नाही. इतकं जमलेलं यान चालवणं हाताशी असताना सोनीने गप्प बसावं हे मला पटत नाही. नवे ट्रॅक आणि जरा दमदार करिअर घेऊन पीएस फाइव्हवर पुढचा भाग यायलाच हवा, आणि पहिले भाग पण त्यात घाला.

आपला,
एक वाचक, नाशिक