पुरस्कार दिला, लेखन वाचणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात विद्यापीठात झालेल्या विद्यार्थी लेखन पुरस्कारांच्या वितरण समारंभाला श्रोता म्हणून जाण्याचा योग आला. मी पुरस्कार मिळालेल्या कोणाचा पालक नाही आणि परीक्षकही नव्हतो. शहरातील एका छापखान्यात बत्तीस वर्षे मुद्रितशोधकाचे काम केले आणि दर वर्षी जानेवारीपासून परीक्षा सुरू होईपर्यंत महाविद्यालयांच्या वार्षिकांकांची प्रुफे माझ्या टेबलावर येत राहिली, एवढाच माझा या विषयाशी संबंध. खिळ्यांच्या जुळणीपासून संगणकापर्यंत सगळे बदल त्या टेबलावरूनच पाहिले. ज्यांची अक्षरे इतकी वर्षे वाचली, ती मुले प्रत्यक्ष बोलताना कशी वाटतात हे पाहावे, म्हणून गेलो होतो.

कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालयांमधून मुले-मुली आली होती. बरीचशी एसटीने आलेली, म्हणून सभागृहाच्या मागच्या भिंतीशी पिशव्यांची रांग लागली होती. स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक हे सर्व रीतीप्रमाणे झाले. त्यानंतर संयोजकांनी प्रत्येक पुरस्कारार्थीला आपल्या लेखनातील एक उतारा वाचायला सांगितला. या योजनेबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन करतो, कारण प्रमाणपत्र स्वीकारतानाच्या छायाचित्रावरून मुलाने काय लिहिले आहे हे कोणालाच कळत नाही.

राधानगरी तालुक्यातील एका विद्यार्थिनीने तिच्या आजोबांवरचा निबंध वाचला. आजोबा गुऱ्हाळावर जळव्या होते, म्हणजे चुलवाणात चिपाडे सारून काहिलीखालचा जाळ राखण्याचे काम करीत. गुऱ्हाळावर मान असतो तो गुळव्याचा, कारण रस केव्हा उतरवायचा हे तो ठरवतो. पण जाळ हातभर कमी-जास्त झाला तर गुळव्याची सारी विद्या वाया जाते, हे त्या मुलीने अवघ्या चार वाक्यांत समोर उभे केले. भेंडीचे पाणी घातल्यावर वर येणारी मळी, ती काढणारा झारा, वाफ्यात ओतलेल्या पाकाचा रंग आणि चुलवाणाच्या तोंडाशी बसून एका बाजूने कायम भाजलेली आजोबांची पिंढरी. या शेवटच्या तपशिलाशी तिने क्षणभर वाचन थांबवले. हातातले कागद किंचित थरथरत होते, आवाज मात्र स्थिर होता.

तो निबंध ऐकताना मला माझ्याच कामाची एक गोष्ट फार लागली. ती येथे लिहिणे मी कर्तव्य समजतो. शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. ते अठराही नियम मला तोंडपाठ आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मी आजही कोणाला सूट देणार नाही. पण नियम सांगतात ते शब्द कसा लिहावा एवढेच. कोणता शब्द लिहावा, हे सांगण्याचा अधिकार त्यांनी मुद्रितशोधकाला दिलेला नाही. तो अधिकार मी स्वतःच घेतला होता. कित्येक वर्षे मी मुलांच्या लेखनातले ‘चुलवाण’ खोडून ‘भट्टी’ केले, ‘काहील’ खोडून ‘मोठी कढई’ केली. कोणी तक्रार केली नाही, कारण छापून आलेले तेच बरोबर, असे मुलांना वाटत असे. किती मुलांनी पुढच्या वर्षी आपला शब्द लिहायचे टाळले असेल, याचा विचार मला त्या सभागृहात बसेपर्यंत कधी शिवला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्यात त्या मुलीचे वडील भेटले. मी निबंधाचे कौतुक केले. त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, “लिवलंय झ्याक. पर चिपाडं दोन दिसांत वाळत्यात म्हनून घातलंय, त्ये चुकलंय. चांगलं ऊन असलं तरी तीन दिस लागत्यात.” मुलगी शेजारीच उभी होती. तिने लगेच पेन काढले आणि समासात दुरुस्ती केली. परीक्षकांच्या नजरेला न आलेली आणि मलाही कधी सापडली नसती अशी ही चूक होती. ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांच्यापर्यंत लेखन पोहोचले की ते कसे तपासले जाते, हे मी इतक्या वर्षांत प्रथमच पाहिले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी शहरातील वृत्तपत्रांत बातमी आली. त्यात प्रमुख पाहुण्यांचे भाषण होते, व्यासपीठावरील मान्यवरांची नावे होती आणि छायाचित्रही होते. पुरस्कार मिळालेल्या मुलांची नावे शेवटच्या ओळीत, त्यातही तिघांची नावे देऊन पुढे ‘आदी’. एकाही लेखनाचा विषय कोठे सांगितलेला नव्हता. पुरस्कार लेखनाला होता, लेखन मात्र बातमीत नव्हते.

मग ते लेखन जाते कोठे? बहुतेक त्या त्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात. छापून झालेल्या गठ्ठ्यांचे पुढे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. काही प्रती विद्यार्थ्यांच्या हाती पडतात, काही पाहुण्यांना भेट दिल्या जातात आणि उरलेल्या कपाटात राहतात. संगणकावर अंक जपून ठेवलेला असला, तरी तो अनेकदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेला असतो. म्हणजे पडद्यावर पान दिसते, पण ‘जळव्या’ हा शब्द शोधला तर सापडत नाही. दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. मात्र गुऱ्हाळाचे, भाताच्या खाचराचे आणि चप्पल शिवणाऱ्या हातांचे शब्द आज ज्या वह्यांमध्ये लिहिले जात आहेत, त्या वह्या आपण कपाटात बंद करतो आहोत.

उपाय फार खर्चिक नाहीत. महाविद्यालयांनी वार्षिकांक युनिकोडमध्येच जुळवून घ्यावेत. छापखान्यांना हे सहज जमते, फक्त तसे आधी सांगावे लागते. प्रत्येक लेखकाच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात अंकाची एक प्रत तरी जावी. ज्या शहरात करवीर नगर वाचन मंदिरासारखी संस्था १८५० पासून उभी आहे आणि ज्या जिल्ह्यात गावोगावी लहान-मोठी वाचनालये आहेत, तेथे वाचकांची उणीव पडेल असे मला वाटत नाही. गावातल्या मुलीने गावातल्या कामाविषयी लिहिलेले पान पारावर बसणारी माणसे नक्की वाचतील, आणि त्यात चूक असेल तर तीही सांगतील.

आपल्याला मात्र माझी वेगळी विनंती आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा, पुरस्कारप्राप्त विद्यार्थी लेखनापैकी एक लेख, कथा किंवा कविता संपूर्ण छापावी. लेखक किंवा लेखिकेचे नाव वर असावे, महाविद्यालयाचे खाली. सोबत मान्यवरांचा अभिप्राय नको आणि प्रमाणपत्र घेतानाचे छायाचित्रही नको. कठीण वाटणाऱ्या शब्दांचे अर्थ हवे तर तळटीपेत द्यावेत, पण शब्द बदलू नयेत. जागेची अडचण मी जाणतो. अर्ध्या पानाच्या जाहिरातीचा दर काय असतो, हेही मला माहीत आहे. तरीही वर्षाला बारा अर्धी पाने एवढी मागणी अवाजवी नाही, असे मी नम्रपणे म्हणतो.

असे सदर सुरू झाल्यास त्याची प्रुफे तपासण्याचे काम मी विनामूल्य करीन. सुरुवात त्या गुऱ्हाळाच्या निबंधाने करावी. त्यातल्या वेलांट्या आणि उकार मी पाहीन. चिपाडे वाळायला किती दिवस लागतात, ते तिच्या वडिलांना विचारून घेईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
कोल्हापूर