शिबिर संपल्यानंतरच्या मंगळवारी कोण येणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांच्या चर्च शिबिरांवर आपल्या स्तंभात सध्या बरीच पत्रे येत आहेत. मुले शनिवार-रविवार जोडून शहरात मुक्कामाला जातात, चर्चच्या सभागृहात जमिनीवर झोपतात, दिवसा बेघरांच्या निवाऱ्यात वाढप करतात, पुलाखाली राहणाऱ्यांना पांघरुणे वाटतात आणि रात्री शास्त्रपाठ व प्रार्थनेला बसतात. एका पत्रलेखकाला हे गरिबीचे पर्यटन वाटते, दुसऱ्याला तरुण पिढीचे पुण्यकर्म. दोघांच्याही पत्रांत निवाऱ्याच्या आतले काहीच दिसत नाही. मी एका निवाऱ्याच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षे मदत करते, चर्चची सभासदही आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

शिबिरे बंद करा असे मी म्हणणार नाही. पण ती निवारा चालवणाऱ्यांच्या हाताखाली भरवा, आणि त्याच दारात पुन्हा येण्याची बोली आधीच करून घ्या. हे दोन्ही नसेल, तर मुलांनी घरी बसून अभ्यास केलेला बरा.

विद्यार्थी आणि गरिबांची सेवा ही जोडी काही आजची नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये कायद्याचा अभ्यास करणारा फ्रेदेरिक ओझानाम आणि त्याचे काही मित्र एका वादविवाद मंडळात धर्माची बाजू मांडत असत. तिथे विरोधकांनी त्यांना टोमणा मारला: चर्चने पूर्वी काय केले ते सांगू नका, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता ते दाखवा. शहरातून कॉलऱ्याची साथ नुकतीच गेली होती. टोमणा वर्मी लागला आणि २३ एप्रिलला या मुलांची पहिली बैठक झाली. त्याच दिवशी ओझानामला वीस वर्षे पूर्ण झाली होती. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून आज जगभर ओळखली जाणारी संस्था तिथून सुरू झाली.

पण या गोष्टीतली एक बाई व्यासपीठावरच्या भाषणांत नेहमी मागे राहते. सिस्टर रोझाली रांद्यू. पॅरिसच्या मुफ्तार या दरिद्री वस्तीत त्या कित्येक वर्षे काम करत होत्या. कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले आहे, कोण लाजेपोटी मागत नाही, हे त्यांना तोंडपाठ होते. मुले उत्साहाने निघाली ती थेट वस्तीत घुसली नाहीत, आधी या बाईंकडे गेली. त्यांनी कुटुंबे नेमून दिली, पावाच्या चिठ्ठ्या दिल्या, कसे वागायचे तेही सांगितले. मुले त्याच घरांत पुन्हा पुन्हा जात राहिली. आजच्या शिबिरांत ओझानाम भरपूर भेटतात. रोझालीबाईंना विचारायला मात्र कोणी जात नाही.

न विचारल्याने काय होते ते आम्ही दर सणाला पाहतो. नाताळच्या आठवड्यात वाढायला इतके हात येतात की पातेल्याजवळ उभे राहायला जागा उरत नाही. सण सरल्यावरच्या एखाद्या मंगळवारी भाजी चिरायलाही माणूस मिळत नाही. देणगीत कोट आणि स्वेटर ढिगाने येतात, मोजे आणि अंतर्वस्त्रे क्वचितच. रस्त्यावर राहणाऱ्याचे पाय दिवसभर दमट राहतात. बूट रात्रीही काढता येत नाहीत, काढले तर सकाळी जागेवर सापडतीलच असे नाही. तिथून पायाच्या जखमा सुरू होतात. म्हणजे आम्हाला मोज्यांची गरज असते आणि मुले मोठ्या प्रेमाने चौथ्यांदा स्वेटर घेऊन येतात. त्यांचा काय दोष? त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

व्हॅटिकनमधला एक किस्सा इथे आठवतो. तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांच्या वतीने दानधर्माचे काम पाहणारे कॉनराड क्रायेव्स्की यांनी एका बेघर माणसाला जेवायला बोलावले. तो म्हणाला, नको, माझ्या अंगाला वास येतो. मग बोलता बोलता त्याने हेही सांगितले की रोममध्ये खायला कुठे ना कुठे मिळते, अंघोळ मात्र कुठेच करता येत नाही. त्यातूनच २०१५ मध्ये सेंट पीटर चौकाच्या खांबांच्या ओळींजवळ बेघरांसाठी न्हाणीघरे सुरू झाली, केस कापायची सोयही झाली. एका माणसाला नीट विचारले म्हणून हे कळले. नाहीतर आणखी जेवण वाटले गेले असते आणि सगळ्यांना बरे वाटले असते.

निवाऱ्यात खाट रिकामी असताना लोक बाहेर का झोपतात, असे शिबिरातली मुले हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. अनेक निवाऱ्यांत नवरा-बायकोला वेगवेगळ्या ठिकाणी पाठवतात. पाळलेल्या कुत्र्याला आत घेत नाहीत, आणि तेवढेच एक सोबतीचे असते. रात्रपाळीला जाणाऱ्याला दार उघडण्या-मिटण्याच्या वेळा जमत नाहीत. सामान ठेवायला कुलपाची पेटी नसते, शेजारी कोण झोपेल याचा भरवसा नसतो. आणि ‘बेघर’ म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोर फक्त पदपथ येतो. बेघरांसाठी काम करणाऱ्या युरोपातल्या संस्थांच्या महासंघाने २००५ मध्ये जी वर्गवारी मांडली, तिच्यात छप्परच नसलेले, तात्पुरत्या निवाऱ्यात असलेले, नातेवाइकांकडे आश्रित म्हणून राहणारे किंवा कधीही बाहेर काढले जातील अशा अवस्थेतले, आणि राहण्यालायक नसलेल्या जागेत दिवस काढणारे, असे सगळे येतात. शिबिरातल्या एखाद्या मुलाच्या वर्गातच असे कोणी बसत असेल.

फोटोंबद्दल जरा कडक बोलते. आमच्याकडे मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून आलेल्या बायका असतात. हसत हसत काढलेल्या गटाच्या फोटोत मागच्या बाकावर त्यांच्यातली एखादी दिसली, की तिचा पत्ता जगजाहीर झाला. मोबाइल दाराशी ठेवून या म्हटले की काही शिबिरप्रमुखांच्या कपाळाला आठ्या पडतात, अहवालाला फोटो लागतात म्हणे. अहवाल फोटोशिवाय लिहा.

या सगळ्यावर सर्वांत बोचरी टीका बाहेरच्या कोणी नव्हे, एका कॅथलिक धर्मगुरूनेच केली होती. १९६८ मध्ये इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर उभे राहून सांगितले की पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. त्यांचे म्हणणे मला निम्मे पटते. जिथली भाषा येत नाही, जिथल्या लोकांना तुम्ही नको आहात तिथे उपकारकर्त्याच्या थाटात जाणे हा उद्धटपणा आहे. पण विद्यार्थी आपल्याच शहरात, बसने अर्ध्या तासावर जात असेल, तर तो पाहुणा राहत नाही. त्याला परत येता येते. माझा सगळा भर त्यावरच आहे.

परत येत राहिल्याने काय घडते याचेही दाखले आहेत. १८८४ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या चर्चचे पाळक सॅम्युअल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी टॉयन्बी हॉल सुरू केला. विद्यापीठातल्या तरुणांनी गरीब वस्तीत मुक्कामाला यावे, शेजारी म्हणून राहावे, ही कल्पना. तिथे काम केलेल्यांपैकी विल्यम बेव्हरिज यांनी पुढे १९४२ मध्ये ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेचा आराखडा लिहिला आणि क्लेमंट अ‍ॅटली १९४५ मध्ये पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या सरकारने त्यातला मोठा भाग अमलात आणला. प्रत्येक शिबिरातून पंतप्रधान निघावा असे कोणी म्हणत नाही. पण शेजारी राहिलेल्या माणसाला भाडे, पगार, आजारपण यांचे गणित दिसते. दोन दिवस वाढप करणाऱ्याला फक्त रांग दिसते.

शिबिरात हटकून वाचला जातो तो मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. अन्न, पाणी आणि वस्त्र शनिवार-रविवारात उरकते. परक्याला घरात घेण्याचे राहून जाते, आणि बेघर माणसाच्या बाबतीत तेच तर मूळ काम. फिनलंडने २००८ पासून ते सरकारी धोरण म्हणून हाती घेतले: माणसाला आधी स्वतःच्या नावावर भाड्याचे घर द्यायचे, दारू सोडणे, नोकरी शोधणे हे त्यानंतर, हवी ती मदत सोबत देऊन. हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचा एक मोठा निवारा होता, त्याचीच स्वतंत्र छोटी घरे करण्यात आली. म्हणजे चर्चच्या संस्थेने खाटा मोडून दरवाजे बसवले. शिबिराच्या रात्रीच्या चर्चेत असा विषय निघायला काय हरकत आहे? आपल्या चर्चकडे किती रिकाम्या खोल्या आहेत, असे एखाद्या मुलीने विचारले तर विश्वस्तांची पंचाईत होईल, होऊ द्या.

धर्मांतराची शंका एका वाचकाने काढली आहे. ती झटकून टाकण्यासारखी नाही. आधी प्रवचन ऐका, मग ताट, अशी अट घालणाऱ्या जागा होत्या आणि आहेत. भुकेल्या माणसाला ‘आमेन’ म्हणायला लावणे हे मला माणसाचा आणि प्रार्थनेचा, दोघांचाही अपमान वाटतो. जेवण आधी, कोणालाही, काही न विचारता. प्रार्थना मुलांनी आपल्या मुक्कामी करावी. कोणाला यावेसे वाटले तर दार उघडे असावे, एवढे पुरे.

आणखी एक उदाहरण देते. १९६८ मध्येच रोममध्ये आंद्रेआ रिकार्दी नावाचा शाळकरी मुलगा मित्रांना घेऊन शहराबाहेरच्या झोपड्यांत जाऊ लागला, तिथल्या मुलांना शिकवू लागला. त्यातून संत’एजिदिओ ही कॅथलिक मंडळी उभी राहिली. जानेवारी १९८३ मध्ये रोमच्या तेर्मिनी स्थानकावर मोदेस्ता व्हालेंती ही बेघर वृद्धा आजारी पडली. अंगात उवा आहेत म्हणून रुग्णवाहिकेने तिला न्यायला नकार दिला आणि ती तिथेच वारली. या मंडळींनी तिचे नाव विसरू दिले नाही, दरवर्षी तिच्यासाठी प्रार्थना होते. पुढे रोम महापालिकेने बेघरांची रहिवासी नोंद करताना पत्ता म्हणून तिच्या नावाचा, नकाशावर नसलेला रस्ता वापरायला घेतला. पत्ता नसेल तर ओळखपत्र नाही, ओळखपत्र नसेल तर उपचार आणि भत्ते मिळवताना दारोदार हिंडावे लागते. आमच्या निवाऱ्यात येणाऱ्यांचा निम्मा दिवस अशा कागदांमागे जातो. कॉलेजच्या मुलांना अर्ज भरता येतात, संकेतस्थळे हाताळता येतात, कार्यालयात सोबत जाता येते. वाढपापेक्षा या कामाला त्यांचे हात जास्त उपयोगी पडतील, आणि अर्ज एका भेटीत मार्गी लागत नाही, त्यामुळे परत यावेच लागेल.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. शिबिराच्या बातमीसाठी आपला वार्ताहर येतो तो उद्घाटनाला, आणि विद्यार्थ्यांना ‘कसे वाटले’ असे विचारून जातो. पुढच्या वेळी त्याला तीन महिन्यांनी निवाऱ्यात पाठवा, शक्यतो मंगळवारी. त्या शिबिरातले कोण कोण अजून येते, हे तिथल्या स्वयंपाकिणीला विचारायला सांगा, आणि ती जी नावे सांगेल तेवढीच छापा. त्यासाठी मुलांची आणि त्यांच्या पालकांची परवानगी मात्र घ्या.

आपली,
एक वाचक