घाट उजेडीच उतर

कोल्हापूर,
सोमवार, रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गणपतीला पुण्याहून गुहागरला रात्रीच निघणार म्हणालास आणि आपलं वाजलं. फोन आधी कोणी ठेवला, ते जाऊ दे. "आई, तुझा काळ पद्मिनी गाडीचा होता, आता गाडीतच सगळं असतं," हे तुझं वाक्य मात्र तेव्हापासून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलेय. रात्री निघण्याबद्दल अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलेय.

आधी गाडीचं बोलते. फोटो पाहिले, छान घेतलीस. सर्व्हिसचे सगळे कागद तपासलेस, उद्यमनगरच्या आपल्या मिस्त्रींना फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवलास आणि मगच पैसे दिलेस, हे मी भिशीत सगळ्यांना सांगितलं. नंदूकाकालाही सांगितलं, मुद्दाम.

एएमटी आहे, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी, तर एक ऐक. आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि क्लच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये उत्तम. पण उतारावर तू अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलास की ते यंत्र बरेचदा वरचा गिअर टाकून मोकळं होतं आणि गाडी सुटते. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावरच लिव्हर मॅन्युअलवर घे आणि दुसऱ्यावर उतर. इंजिन ओरडेल, ओरडू दे. ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं, हे आप्पांनी मला गाडी हातात देण्याआधी पाठ करून घेतलं होतं.

आणि न्यूट्रल अजिबात नको. तुझे मित्र पेट्रोल वाचतं म्हणतात, ते कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं गणित होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय काढलास की उतारावर पेट्रोल बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. इंजिन बंद करून उतरणारे तर मला बघवत नाहीत. ब्रेक दाबताना पायाला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. दोन-तीनदा दाबलं की पॅडल दगडासारखं होतं.

आमच्या पद्मिनीला बूस्टर वगैरे काही नव्हतं. चारी चाकांना ड्रम ब्रेक, १०८९ सीसीचं इंजिन आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पुढे सलग बाक, त्यावर आप्पा, मी आणि मधे आक्का. उन्हाळ्यात चिपळूणहून परत येताना, पोफळी सोडून चढ लागला की पेट्रोलपंप तापायचा, नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी आचके देऊन बंद पडायची. आप्पा बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि आम्ही दगडावर बसून करवंदं खायचो. मला तेव्हा गाडी बंद पडल्याचा आनंदच व्हायचा. त्या वासाने, तापलेलं ऑइल, पेट्रोल आणि ओलं फडकं, मला गाड्यांचं वेड लागलं. तुझ्या बाबांना हे कधी कळलं नाही, बिचारे तरीही मागे बसून ऐकायचे.

मग १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. आपल्या गल्लीत ती यायला आणखी बराच काळ गेला. आप्पांनी बोटाने पत्रा वाजवून बघितला आणि मान हलवली. मी मात्र आत बसले आणि ठरवलं की गाडी घेईन तर हीच. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, अंगाला बसलेल्या चपलेसारखी. चावी फिरवली की सुरू. मी आजही म्हणते, या देशातल्या बायकांना गाडी चालवायला कोणी शिकवलं असेल तर त्या मारुतीने. मी ती घेऊन एकटी रत्नागिरीला गेले, आंबा घाटाने, तेव्हा आप्पा फाटकाशी उभे होते. दिवसा गेले होते मी.

बघ, आलंच.

ओमू, रात्री नऊला ऑफिसमधून थेट निघालास तर कोयनानगरला दीड वाजतो. दोन ते पाच ही झोपेची वेळ, आणि नेमका तेव्हाच तुझा घाट. भाद्रपदात हेळवाकच्या पुढे धुकं इतकं असतं की हेडलाइट अप्पर केला की समोर पांढरी भिंत. लोक वर चारी इंडिकेटर लावून चालतात, वळणार कुठे तेही कळत नाही. ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस आहे म्हणतोस. एबीएसने ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते, पण ओल्या पाल्यावर टायरला पकड ते कुठून आणणार? आणि डोळा लागला तर एबीएसवर पाय कोण ठेवणार?

यशवंतचं नाव काढणार नव्हते. त्याची गाडीही नवीनच होती.

फार झालं, लेक्चर झालं. माफ कर. मधुराच्या माहेरचा गणपती, तिला आदल्या रात्रीच पोचायचं असणार, मला कळतं. मलाही माहेरी असंच व्हायचं. पण पहाटे चारला निघालात तर कराडला लख्ख उजाडलेलं असतं, नाश्ता करून घाट उतरा, आरतीला पोचताच.

तू गाडी वाईट चालवतोस असं मी कधीच म्हटलेलं नाही. आप्पांना शेवटचं दवाखान्यात नेलं त्या रात्री तूच चालवत होतास. मी शेजारी होते आणि माझा पाय एकदाही नसलेल्या ब्रेककडे गेला नाही. आप्पांनी मागून "सावकाश" म्हटलं नाही. त्यांनी ते मलाही जन्मभर म्हटलं होतं, ओमू. तुला म्हटलं नाही. ते आठवलं की वाटतं, मी उगाच घाबरते. मग धुकं आठवतं.

मधुराला सांग, मागे बसली तरी पट्टा लावायचा. डिकीत त्रिकोण आणि टॉर्च ठेव. अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, तू उतरणारा असशील.

काय ठरवलंस ते कळव.

तुझी,
आई

ता. क. टायरच्या बाजूवर 'डॉट'च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. स्टेपनीचेही बघ. सहा वर्षांहून जुने निघाले तर गुहागरला जाण्याआधी बदल. पैसे मी देते, बाबांना सांगू नकोस.