म्युझियमची एक संध्याकाळ सातारकरांसाठी फुकट ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

19 जुलै 2024 पासून लंडनहून आणलेली वाघनखं साताऱ्यात होती तेव्हा आपल्या छत्रपती शिवाजी महाराज म्युझियमसमोर काय गर्दी असायची ते सगळ्या जिल्ह्यानं बघितलंय. माण-खटावपासून लोक एसटीनं यायचे, कडेवर पोरं घेऊन लाईनीत उभे राहायचे. 2025 च्या सुरुवातीला वाघनखं नागपूरला गेली आणि ती गर्दीही ओसरली. पण तेवढे लोक आले होते म्हणजे आवड आहे ना लोकांना, मग ती टिकवायला आपण काय करतोय एवढंच मला विचारायचंय.

माझी सरळ मागणी आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, शक्यतो शनिवारी, सहा ते साडेआठ म्युझियम सगळ्यांना फुकट उघडं ठेवा आणि नुसतं उघडं नको तर आत लोकांना काहीतरी हातानं करायला द्या. दुकानात काम करणारी, एमआयडीसीत शिफ्टला जाणारी, धुणीभांडी करणारी माणसं दिवसा म्युझियम बघायला येणार कधी? सुट्टी टाकली की त्या दिवसाचा पगार जातो, आणि चौघांचं घर म्हटलं की तिकीट, रिक्षा, पोरांचं खाणं सगळं धरून विचार करावा लागतो. संध्याकाळी घरच्यांना घेऊन जायचं तर आपल्याकडं राजवाड्याची चौपाटी नाहीतर चारभिंती, तिसरं ठिकाण चटकन आठवत नाही.

आणि हे काही जगावेगळं नाही हो. वाघनखं जिथून आली त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एरवीही फुकट प्रवेश असतो, शुक्रवारी ते रात्री 10 पर्यंत चालू असतं आणि बऱ्याच महिन्यांत शेवटच्या शुक्रवारी तिथं संध्याकाळचे फुकट कार्यक्रम होतात, संगीत असतं, गप्पा असतात, वर्कशॉप असतात. त्यांच्याकडून वस्तू आणून दाखवली ते चांगलंच झालं, आता ही पद्धत पण आणूया की. ग्रँट डफ 1818 नंतर इथंच साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी होता, त्याच्या घराण्याकडून ती नखं त्या म्युझियमला मिळाली, म्हणजे साताऱ्याचा आणि त्यांचा संबंध जुनाच आहे.

वाघनखांच्या वेळी लाईनीत माझ्या पुढं एक आजी होत्या, नऊवारीतल्या, नातवाला घेऊन आलेल्या. काचेजवळ गेल्यावर नातू म्हणाला आजे हे हातात घालत्यात कसं, आजींनी आमच्याकडं बघितलं, तेवढ्यात लाईन पुढं सरकली. गर्दीच एवढी होती की कुणी थांबून सांगणं शक्यच नव्हतं, त्यात कुणाचा दोष नाही. पण एका टेबलावर लाकडाची नाहीतर बोथट पत्र्याची नक्कल ठेवली असती तर त्या पोराला दोन कड्यांत दोन बोटं घालून मूठ मिटली की चारी नखं तळहातात कशी लपतात ते आपोआप कळलं असतं, आणि ते तो जन्मभर विसरला नसता. शाळेच्या सहली येतात त्यांचं पण तेच, हाताची घडी, रांगेनं चला, हात लावू नका, आणि अर्ध्या तासात बाहेर. पोरांना काय आठवणार त्यातलं.

करण्यासारखं तर खूप आहे. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं घ्या, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति, तिचा मोठा ठसा करून त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की अक्षरं वर येतात, याला खर्च किती तर कागद-पेन्सिलीचा. दांडपट्टा, लाठीकाठी शिकवणारी पोरं-पोरी गावोगावी आहेत, त्यांना अंगणात अर्धा तास द्या. जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या बायका अजून आहेत, त्यांना बोलवा, मान द्या, आणि त्या म्हणतात ते रेकॉर्ड करून ठेवा कारण त्यांच्या माघारी ते मिळणार नाही.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मोडीचं, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीचं टेबल. मोडीत आधी ओळभर रेघ मारून घेतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं काढत जातात, बोरूनं नाहीतर साध्या पेनानं स्वतःचं नाव असं लिहायला लावलं तर पोरंच काय मोठी माणसंही उठायची नाहीत. आणि ही नुसती हौस नाही, 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं मिळेनात म्हणून केवढी पळापळ झाली ते आठवा. आपल्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाला मोडीतलं खरेदीखत नाहीतर जुना कागद पडून आहे आणि त्यात काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता येत नाही. अशा संध्याकाळी जाणकार बसवा, लोक आपापले कागद घेऊन येतील, फोटो काढून घ्या, कागद त्यांचा त्यांना परत द्या. ठेवून मात्र घेऊ नका, नाहीतर भीतीनं कुणी आणणारच नाही.

पैशाचा प्रश्न येणारच, सिक्युरिटीचा ओव्हरटाईम, लाईट, सफाई, ते मान्य. पण मोठमोठ्या महोत्सवांच्या मांडवावर होतो त्यापुढं हा खर्च काहीच नाही, आणि मदतीला कॉलेजची एनएसएसची पोरं येतात. अस्सल वस्तू काचेतच राहू द्या, नकला बाहेर ठेवा म्हणजे कुणाला भीती नको. पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट एवढं मात्र आधी बघा.

पहिली संध्याकाळ 7 नोव्हेंबरला ठेवावी असं मला वाटतं. 1900 साली त्याच दिवशी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत घातलं, आज तो राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. म्युझियम आपलं एसटी स्टँडला लागूनच आहे, त्यामुळं साडेआठला संपलं तर जवळच्या गावचे लोक गाडी पकडून घरी जाऊ शकतील, आणि जमलं तर पुढं एखाद्या महिन्यात औंधच्या श्री भवानी म्युझियमला पण एक गाडी न्या. 1938 पासून ते आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प आहे, आणि साताऱ्यातली कितीतरी पोरं अजून तिथं गेलेली नाहीत.

तारीख ठरली की बोर्ड स्टँडवर, मंडईत आणि अंगणवाड्यांत लावा, फक्त व्हॉट्सॲपवर फिरवू नका. टेबलं मांडायला, चटया अंथरायला आमच्या बचत गटातल्या आम्ही सगळ्याजणी यायला तयार आहोत, म्युझियमच्या साहेबांनी नुसता निरोप द्यावा.

एक नोकरदार आई,
करंजे, सातारा