रोजच्या जगण्याच्या छायाचित्रांना वृत्तपत्रात जागा हवी

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,
स. न. वि. वि.

मोबाइलमुळे माणसे डोळ्यांनी पाहणेच विसरली आहेत, ही तक्रार वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि वाचकांच्या पत्रांतून वारंवार वाचायला मिळते. तिच्यात तथ्य नाही असे नाही. मंगलाष्टके चालू असताना अक्षतांऐवजी मोबाइल धरलेले हात आपण सर्वांनीच पाहिले आहेत. परंतु याच यंत्राने कितीतरी साध्या माणसांना आपल्या रोजच्या जगण्याकडे थांबून पाहायला लावले आहे, ही दुसरी बाजू फारशी कोणी मांडत नाही. हौसेने छायाचित्रे काढणारी एक वाचक या नात्याने ती बाजू मांडावी आणि तिच्या आधारे आपल्या दैनिकाला एक विनंती करावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी मिरजेत राहते आणि औषधांच्या एका दुकानात हिशेबाचे काम पाहते. दुकान उघडण्याआधीचा वेळ माझ्या हौसेचा. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी घडतात, आणि मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मानांकनाच्या बातमीसोबत तयार, झिलई केलेल्या वाद्यांची छायाचित्रे छापली जातात आणि ती सुंदरच असतात. मात्र त्या गल्लीतून सकाळी जाणाऱ्याला जे दिसते ते वेगळेच असते. पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या बाजूने आलेले वाळके भोपळे एकावर एक रचलेले असतात, त्यांतल्या कोणत्याही दोघांचे पोट सारखे नसते, आणि तिरपे ऊन पडले की प्रत्येकाच्या सालीवरचे डाग, खाचा आणि देठाचा पीळ वेगवेगळा उठून दिसतो. आत एखादा कारागीर घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, हलक्या हाताने कानस फिरवतो, तार छेडतो, कान जवळ नेऊन ऐकतो आणि पुन्हा कानस उचलतो. जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा नाद, मनासारखी लागली की त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे समाधान उमटते, ते कोणत्याही समारंभात दिसत नाही. ते टिपायचे तर आधी त्याचे काम समजून घ्यावे लागते, तो केव्हा थांबेल आणि केव्हा ऐकेल याचा अंदाज यावा लागतो. लहानपणापासून त्या गल्लीतून जाणे-येणे असूनही भोपळा कसा चिरतात, त्याला दांडी कशी जोडतात आणि पत्तीचे नक्षीकाम कोणत्या टप्प्यावर चढते, हे मी छायाचित्रे काढायला लागल्यावरच नीट पाहिले.

आमच्या भागात अशा गोष्टींना तोटा नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी सांगलीच्या आसपासच्या शेतांत शिजवलेली हळद वाळत पडलेली असते आणि ती सारखी करणाऱ्या बायकांच्या हातापायांना, लुगड्याच्या काठाला तिचा रंग लागलेला असतो. एप्रिलमध्ये गच्च्यांवर कुरडया, सांडगे आणि पापड पसरले जातात, आणि राखणीला बसवलेले नातवंड कावळ्यांपेक्षा स्वतःच जास्त ओल्या कुरडया खाते. थंडीत कृष्णाघाटावर पाण्यावरून धुके उठते, त्यात पोहणाऱ्यांची नुसती डोकी दिसतात. जंक्शनवर पहाटेची गाडी आली की चहावाल्याच्या किटलीची वाफ आणि खिडकीतून बाहेर आलेले हात एकाच चौकटीत येतात. यांतली एकही गोष्ट बातमी होण्याजोगी नाही, आणि या सगळ्या गोष्टी वगळल्या तर आमचे गाव कसे जगते हे कोणाला कळायचे नाही.

जुने अल्बम चाळताना ही उणीव प्रकर्षाने जाणवते. आमच्या घरी वडिलांचा अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्याच्या एका रोलमध्ये बारा छायाचित्रे निघत, रोल महाग, धुलाई आणि छपाईचा खर्च वेगळा, त्यामुळे एक रोल बारसे, मुंज, लग्न आणि एखादी ज्योतिबाची यात्रा एवढ्यांत पुरवून वापरला जाई. पुढे छत्तीस छायाचित्रांचे रोल आले तरी काटकसर सुटली नाही. परिणामी काळ्या पानांच्या, मध्ये बटरपेपर घातलेल्या त्या अल्बमांत ओळीने उभे राहिलेले गंभीर नातेवाईक भेटतात; पण आजी जात्यावर बसलेली, आई स्टोव्हला पिन करताना, परसात धुमसणारा बंब, शाळेतून येऊन दप्तर भिरकावणारी भावंडे, यांतले काहीच सापडत नाही. आज आमच्या घरातली मुले ते अल्बम पाहतात तेव्हा त्यांचे लक्ष माणसांपेक्षा मागच्या भिंतीवर जाते. तो रेडिओ कुठला, कोनाड्यात काय ठेवले आहे, दाराला पडदा कशाचा आहे, असे ते विचारतात. छायाचित्र काढणाऱ्याने ज्याकडे लक्षच दिले नव्हते, तेच नंतरच्या पिढीला सर्वांत मोलाचे वाटते. आज एका छायाचित्राला जवळजवळ काहीही खर्च येत नाही; तरीही आपण काढतो ती मुख्यतः वाढदिवसाच्या केकची आणि सहलीतल्या रांगेचीच. साधन स्वस्त झाले, पण काय टिपायचे याची जुनी सवय तशीच राहिली.

हौशी छायाचित्रणाची परंपरा आपल्याकडे थोडीथोडकी नाही. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये लुई दागेर यांचे छायाचित्रणाचे तंत्र जगासमोर खुले झाले आणि त्यानंतर पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्यात होती. काचेवर लेप चढवून तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि तिथल्या तिथे धुवायचे, अशा खटाटोपाच्या काळात ही माणसे आपापले व्यवसाय सांभाळून हा छंद जोपासत होती. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे नाव आपण घेतो ते दिल्लीतील सत्तांतराच्या आणि नेत्यांच्या छायाचित्रांमुळे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकत असताना आणि नंतरच्या काही वर्षांत त्यांनी मैत्रिणींची, सहलींची आणि शहरातल्या साध्या दिवसांची जी छायाचित्रे घेतली, ती मला अधिक जवळची वाटतात. त्यांतली काही त्या काळी त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापून आली, आणि ती छापणारी होती वृत्तपत्रे आणि साप्ताहिकेच. याच्या उलट, शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी रस्त्यावरच्या जगण्याची लाखाहून अधिक छायाचित्रे घेतली, पण २००७ मध्ये भाड्याच्या कोठारातले त्यांचे सामान लिलावात निघेपर्यंत ती जवळजवळ कोणीच पाहिली नव्हती. २००९ मध्ये त्या वारल्या. ज्या छायाचित्रांना त्यांच्या काळात वाचक मिळायला हवे होते, त्यांना ते केवळ योगायोगाने मिळाले.

छायाचित्र काढण्याने अनुभव उणा होतो का, याचा मानसशास्त्रज्ञांनीही अभ्यास केला आहे. लिंडा हेंकेल यांनी वस्तुसंग्रहालयात घेतलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांनी वस्तूंची सरसकट छायाचित्रे काढली त्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. तक्रार करणारे इथवरच सांगतात. त्याच प्रयोगात ज्यांना वस्तूचा एखादा भाग निवडून जवळून टिपायला सांगितले होते, त्यांच्या स्मरणात अशी घट आढळली नाही, आणि चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांना तितकाच आठवला. क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बसमधून शहर पाहणे, जेवण घेणे अशा साध्या प्रसंगी छायाचित्रे काढणारे लोक त्यांत अधिक गुंतले आणि त्यांना अधिक आनंद मिळाला असे दिसले. मात्र छायाचित्रणाने मूळ कामातच व्यत्यय येत असेल तर हा लाभ होत नाही. अक्षतांच्या वेळचा मोबाइल आणि सतारमेकर गल्लीतला मोबाइल यांतला फरक नेमका हाच आहे, असे मला वाटते. काय निवडायचे हे ठरवण्यासाठी ज्याला थांबावे लागते, तो पाहत असतो.

या छंदाला महागडा कॅमेरा लागत नाही, हे नवशिक्यांसाठी आवर्जून लिहावेसे वाटते. लागतो तो उजेडाचा विचार. सकाळी आठ-साडेआठपर्यंतचे आणि दुपारी साडेचारनंतरचे ऊन तिरपे असते, त्यात वस्तूंचा उठाव दिसतो. आषाढ-श्रावणात ढगांतून झिरपणारा उजेड चेहऱ्यांना फार चांगला, कारण सावल्या गडद पडत नाहीत. घरात दिवा किंवा फ्लॅश लावण्यापेक्षा माणसाला खिडकीजवळ बसवावे. मोबाइलवर चित्र ओढून मोठे करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे, काचेवरचा बोटांचा तेलकटपणा सुती कापडाने पुसावा, आणि पडद्यावर उजेडाच्या भागाला बोट लावून प्रकाश थोडा कमी करावा, म्हणजे हळदीचा पिवळा रंग फिकट पडत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छायाचित्राखाली त्याच दिवशी ठिकाण, महिना आणि दोन ओळी लिहून ठेवाव्यात. मोबाइल तारीख आपोआप नोंदवतो, पण त्या बाई कोण होत्या आणि त्या का हसत होत्या, हे तो नोंदवत नाही.

या छंदाची मर्यादाही ज्याची त्याने ओळखली पाहिजे. मिरज हे रुग्णालयांचे गाव आहे. कर्नाटकातून आणि दूरदूरच्या तालुक्यांतून आलेले रुग्णांचे नातेवाईक रुग्णालयांच्या आवारात स्वयंपाक करतात, एकमेकांना धीर देतात, आणि कोणी बरे होऊन घरी निघाले की अनोळखी माणसेही त्यांना निरोप द्यायला उभी राहतात. तिथे आनंदाचे क्षण असतात, तरीही तिथे मी मोबाइल बाहेर काढत नाही, कारण त्या माणसांना त्या वेळी नकार देण्याचेही बळ नसते. इतरत्र आधी विचारावे, नाही म्हटले तर नमस्कार करून पुढे जावे, आणि हो म्हटले तर नंतर पोस्टकार्डाएवढी एक छापील प्रत नेऊन द्यावी. ही प्रत देण्याची रीत मी सर्वांना सुचवेन. मोबाइलवर पाठवलेले चित्र दुसऱ्या दिवशी शंभर चित्रांखाली जाते. हातात दिलेली प्रत आरशाच्या चौकटीत खोचली जाते, आणि पुढच्या वेळी दारातच चहा मिळतो. पाखरांच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे. शिंजिराचे लोंबते घरटे नीट दिसावे म्हणून आडवी फांदी तोडणाऱ्याला आनंद टिपणारा म्हणता येणार नाही.

आता विनंती. आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा, आतल्या एखाद्या पानावर का होईना, वाचकांनी टिपलेल्या रोजच्या जगण्याच्या एका छायाचित्राला जागा द्यावी. छायाचित्रांच्या स्पर्धा आपण आणि इतर वृत्तपत्रे घेतच असता, पण स्पर्धा म्हटली की लोक सूर्यास्त, पलटणीसारखे उडणारे रोहित पक्षी आणि वारीतली गर्दी पाठवतात. त्यात वाईट काही नाही, मात्र बक्षिसाच्या अपेक्षेने काढलेले चित्र आधीच पाहिलेल्या चित्रांसारखे होत जाते. म्हणून या जागेला बक्षीस नसावे आणि क्रमांकही नसावा. छायाचित्र पाठवणाऱ्याने स्वतः काढलेले असावे, त्यातल्या व्यक्तीची संमती घेतलेली असावी, लहान मूल असेल तर पालकांची असावी, आणि सोबत ठिकाण, महिना व पाच-सहा ओळींचा मजकूर असावा. रंग भडक करणाऱ्या करामती नसाव्यात. संगणकाने रचलेली चित्रे तर मुळीच घेऊ नयेत. कोणत्याही ठिकाणी, कोणत्याही उजेडात कधी घडलेच नाही असे दृश्य आता काही क्षणांत तयार होते, आणि ते खऱ्यापेक्षा देखणे असते. अशा वेळी आपल्या तालुक्यात खरोखर घडलेल्या साध्या क्षणाखाली वृत्तपत्राने नाव-गाव छापणे याला पूर्वी नव्हते इतके मोल आले आहे.

निवड करताना आपल्या छायाचित्रकारांनी एक गोष्ट पाहावी अशी अपेक्षा आहे. चित्र तांत्रिकदृष्ट्या थोडे उणे असले तरी चालेल, पण पाठवणाऱ्याने काहीतरी स्वतः पाहिले आहे का, हे त्याच्या मजकुरावरून कळते. चंदगडच्या एखाद्या काजूच्या बागेतून, मालवणच्या जाळी विणणाऱ्या घरातून, चंद्रपूरच्या एखाद्या कामगार वसाहतीतून किंवा बेळगाव आणि म्हापशाच्या बाजारांतून असे एकेक छायाचित्र येत राहिले, तर वर्षभरात पन्नासेक चित्रांचा संग्रह होईल. तो आपल्या संकेतस्थळावर जिल्हावार पाहता यावा आणि दिवाळी अंकात त्यातली काही चित्रे चांगल्या कागदावर छापावीत. शाळांच्या चित्रकला शिक्षकांना याची माहिती कळवली, तर मुलेही पाठवतील. उंची कमी असल्यामुळे त्यांना टेबलाखालचे मांजर आणि आजोबांच्या हातातली काठी आपल्याआधी दिसते, त्यामुळे त्यांची छायाचित्रे वेगळी येतील याची मला खात्री आहे.

सदर सुरू करण्याचा निर्णय झाल्यास छायाचित्रे कोणत्या आकारात आणि कोणत्या पत्त्यावर पाठवावीत, हे कृपया आधी पंधरा दिवस छापावे, म्हणजे खेड्यांतल्या वाचकांनाही वेळ मिळेल. मिरज आणि सांगली परिसरातील हौशी मंडळींपर्यंत ही माहिती पोहोचवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, मिरज