गंडांची लेबले आणि ग्रीकांचे मन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ग्रीक पुराणकथा आणि मनोविश्लेषण या विषयावर आलेला लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आधी आभार. एरवी आपल्याकडच्या वृत्तपत्रांना ग्रीक देव आठवतात ते ऑलिंपिकच्या तोंडावर. पण लेखकाने एकेका कथेला एकेक गंड चिकटवत जाण्याचा जो सपाटा लावला आहे, त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. ईडिपस म्हणजे आईची ओढ, इलेक्ट्रा म्हणजे बापाची ओढ, नार्सिसस म्हणजे आत्मरती, की कथा निकालात! (इलेक्ट्राच्या नावाचा गंड मानसशास्त्रज्ञ युंगने 1913 मध्ये मांडला आणि मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याला तो कधी पटला नाही. लेखात मात्र दोन्ही फ्रॉइडच्याच खात्यावर जमा आहेत.)

ग्रीक कथांना मानसशास्त्र लावू नये, असे माझे म्हणणे नाही. लावावेच. पण आयुष्यभर ग्रीक शिकवलेल्या एका माणसाने ते कसे लावले, हे वाचकांपुढे यायला हवे होते. ई. आर. डॉड्स हे नाव अख्ख्या लेखात कुठेच नाही.

फ्रॉइडचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. 15 ऑक्टोबर 1897 रोजी त्याने आपला मित्र फ्लीस याला लिहिलेल्या पत्रात ईडिपस पहिल्यांदा येतो, आणि 1900 च्या त्याच्या स्वप्नमीमांसेच्या ग्रंथात त्याचा सिद्धान्त होतो. त्याला आधारही ईडिपसवरच्या ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकातच सापडला: ईडिपसची आई आणि नकळत त्याचीच बायको झालेली थीब्जची राणी योकास्टा म्हणते, आईशी संग केल्याची स्वप्ने कित्येक पुरुषांना पडतात, ती मनावर घेऊ नयेत. प्लेटोनेही अशा स्वप्नांचा उल्लेख केला आहे. पण फ्रेंच अभ्यासक जाँ-पिएर व्हेर्नाँ यांनी 1967 मध्ये एक साधा प्रश्न विचारला. ईडिपस कॉरिंथमध्ये वाढला. मेरोपे हीच आपली आई, असे तो धरून चालला होता आणि तिच्यापासून लांब राहता यावे म्हणून तर त्याने गाव सोडले. मग आईची ओढ असायचीच, तर ती मेरोपेची असायला हवी. थीब्जची राणी त्याच्या लेखी परकी बाई, आणि तिठ्यावर मारलेला म्हातारा, म्हणजे त्याचा खरा बाप, एक उर्मट वाटसरू. थोडक्यात, ज्याच्या नावाने गंड प्रसिद्ध झाला त्या ईडिपसलाच तो नव्हता. आपल्या लेखकाने या आक्षेपाला एक ओळ तरी द्यायला हवी होती.

आता डॉड्सविषयी. जन्म 1893, आयर्लंडमधल्या काउंटी डाउनचा. 1916 च्या आयरिश उठावाची बाजू घेतली म्हणून ऑक्सफर्डमधून काही काळ बाहेर पडावे लागलेला हा विद्यार्थी 1936 मध्ये त्याच ऑक्सफर्डात ग्रीकचा रेजिअस प्रोफेसर (राजनियुक्त प्राध्यापक) झाला. टेलिपथी, प्लँचेट असल्या गोष्टींत त्याला तरुणपणापासून रस. पण भाविकाचा नव्हे, तपासनिसाचा. बर्कलीला दिलेल्या व्याख्यानांतून 1951 मध्ये त्याचे 'द ग्रीक्स अँड द इर्रॅशनल' हे पुस्तक झाले. ग्रीक म्हणजे स्वच्छ बुद्धिवादी, संगमरवरासारखे थंड, ही शाळेत शिकवली जाणारी समजूत या पुस्तकाने मोडून काढली.

पहिलेच प्रकरण अगामेम्नॉनने स्वतःच्या बचावात मांडलेल्या कैफियतीवर आहे. ट्रॉयच्या युद्धात हा ग्रीक सेनापती आपल्याच बाजूचा वीर अकिलीस याच्या वाट्याची स्त्री, ब्रिसेइस, हिसकावून घेतो. अकिलीस रुसून बसतो आणि ग्रीकांची दाणादाण उडते. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या एकोणिसाव्या सर्गात समेट होतो, तेव्हा अगामेम्नॉन भर सभेत म्हणतो: दोष माझा नाही, देवांचा राजा झ्यूसने, नियतीने आणि अंधारात वावरणाऱ्या एरिनिस या सूडदेवतेने त्या दिवशी माझ्या मनात भूल घातली. आपण लगेच म्हणू, पळवाट काढतोय. डॉड्स म्हणतो, थांबा, पुढचे वाचा. त्याच दमात अगामेम्नॉन सांगतो की मला भूल पडली, झ्यूसने माझी बुद्धी नेली, म्हणूनच मी भरपाई द्यायला तयार आहे. आणि भरपाई काय थोडीथोडकी आहे! सात तिवया, दहा टॅलेंट (हे एक ग्रीक वजन) सोने, वीस हंडे, बारा घोडे, लेस्बॉसच्या सात स्त्रिया, शिवाय ब्रिसेइस परत. ज्याला हात झटकायचे आहेत तो असे मोजून देत नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो अकिलीससुद्धा हीच भाषा बोलतो: झ्यूसने तसे केले नसते, तर याने माझा संताप ओढवून घेतला नसता. म्हणजे ही एकट्या आरोपीची सबब नाही, वादी-प्रतिवादी दोघांनाही मान्य असलेली मनाची कल्पना आहे.

इथे डॉड्सचे मानसशास्त्र सुरू होते, आणि ते फ्रॉइडच्या दवाखान्यातून आयात केलेले नाही. होमरच्या माणसाला आपल्या नेहमीच्या स्वभावात न बसणारे कृत्य 'माझे' वाटत नाही. अचानक चढलेला आवेश, अचानक झालेली भूल, ऐन वेळी सुचलेला शहाणपणा, सगळे बाहेरून येते, कुणीतरी देव आत सोडतो. पहिल्या सर्गात अकिलीस तलवार उपसत असताना अथेना देवी मागून येऊन त्याचे केस धरते. ती दिसते फक्त त्याला. 'विनाशकाले विपरीत बुद्धी' म्हणत वाढलेल्या वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. डॉड्स यापुढे विचारतो, असे मानण्याची गरज त्या समाजाला का पडली? त्याचे उत्तर: त्या वीराला देवाच्या धाकापेक्षा लोकांत होणारी छी-थू जास्त बोचते. ज्या कृत्याने चारचौघांत मान खाली जाईल, ते मनातून उचलून बाहेरच्या शक्तीच्या पदरात टाकले की तोंड दाखवायला जागा उरते, आणि भरपाई तर द्यायचीच असते. लाजेवर चालणारी संस्कृती आणि अपराधभावावर चालणारी संस्कृती ही जोडी त्याने मानववंशशास्त्राकडून घेतली.

याच जोडीने तो ईडिपसकडे जातो. ही कथा सगळीकडे एकच आहे, असे आपल्या लेखात गृहीत धरले आहे. नाही. होमरच्याच ओडिसीच्या अकराव्या सर्गात राणीचे नाव एपिकास्टे आहे. खरे कळल्यावर ती गळफास घेते, पण ईडिपस दुःख सोसत थीब्जवर राज्य करत राहतो. डोळे फोडणे नाही, हद्दपारी नाही. इलियडमध्ये तर त्याच्या मृत्यूनंतर झालेल्या अंत्यविधीच्या खेळांचा उल्लेख आहे, म्हणजे तो सन्मानाने गेला. पुलंच्या 'राजा ओयदिपौस'मुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेला, ज्याच्या स्पर्शाने गाव बाटते तो ईडिपस नंतरचा, सोफोक्लीसचा. मधल्या काळात ग्रीकांच्या मनात विटाळाची, पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या शापाची आणि देवांच्या मत्सराची भीती वाढत गेली, असे डॉड्स दाखवतो. घराण्याची बापावर उभी असलेली रचना सैल होऊ लागल्यावर बापाविरुद्ध दबलेले मन अपराधाच्या रूपाने वर आले, हा त्यातला फ्रॉइडचा धागा. तो त्याने घेतला, पण काळाच्या चौकटीत बसवून.

आपल्या वाचकांसाठी इथे एक जवळची गोष्ट आहे, आणि लेखकाने ती सोडली याचे मला खरोखर वाईट वाटले. इरावती कर्वे यांनी 1950 मध्ये लंडनच्या 'मॅन' या नियतकालिकात ईडिपसकथेचे एक मराठी रूप छापले होते. त्यात सटवाईच्या मुलीला आपले भविष्य कळते: तुझे लग्न तुझ्याच मुलाशी होणार. पुरुषाचे तोंडही बघायचे नाही म्हणून ती रानात जाऊन राहते. तरी लिहिलेले चुकत नाही. शेवटी तिला सगळे उमगते. आणि ती काय करते? नवऱ्याबरोबर संसार करत राहते. ए. के. रामानुजन यांनी नोंदवलेल्या कन्नड कथेत हीच बाई बाळाला पाळण्यात घालून अंगाई म्हणते, नीज माझ्या बाळा, नीज माझ्या नातवा, नीज माझ्या दिरा, आणि मग लुगड्याने गळफास लावून घेते. दोन्हीकडे कथा आईच्या बाजूने सांगितलेली, मुलगा नाममात्र. ईडिपसची गाठ सर्व माणसांत एकाच आकाराची असती, तर होमरचा राजा, सोफोक्लीसचा हद्दपार, कन्नड अंगाई आणि सटवाईच्या लेकीचा संसार असे चार शेवट झाले नसते.

पण डॉड्सची खरी ताकद पाहायची, तर ग्रीक नाटककार युरिपिडीसचे 'बाकाय' घ्यावे. कवीच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. 405 च्या सुमारास हे नाटक अथेन्समध्ये झाले. डॉड्सची सटीप आवृत्ती 1944 ची. थीब्जचा तरुण राजा पेन्थेउस मद्य आणि उन्मादाचा देव डायोनिसस याच्या पूजेला बंदी घालतो. गावातल्या बायका डोंगरात नाचायला गेल्यात, हे त्याला खपत नाही, आणि त्याच वेळी ते चोरून बघायची त्याला अनावर हावही असते. शेवटी वेडाच्या भरात त्याची आई अगावे आणि तिच्या बहिणी त्यालाच सिंह समजून फाडतात. अगावे ते मुंडके मिरवत गावात येते. पुढचा प्रसंग सावकाश वाचण्यासारखा आहे. म्हातारा कॅडमस, तिचा बाप, तिला एकदम सत्य सांगत नाही. म्हणतो, आधी आभाळाकडे बघ. तेच दिसते की बदलले? ती म्हणते, आधीपेक्षा लख्ख दिसतेय. मनातली ती घालमेल अजून आहे का? काहीतरी निवळतेय खरे. तुला कोणाच्या घरी दिले? एकिऑनच्या. त्याच्यापासून मुलगा कोणता झाला? पेन्थेउस. मग तुझ्या हातात तोंड कुणाचे आहे? सिंहाचे, शिकारीतल्या बायका तसेच म्हणत होत्या. नीट बघ, बघायला कितीसे कष्ट पडतात?

जॉर्ज डेव्हरो या मनोविश्लेषकाने 1970 मध्ये या संवादाला मानसोपचाराचा प्रसंग म्हणून अभ्यासले. उपचार करणारा हळूहळू भान परत आणतो, आठवण जोडून देतो आणि शेवटचे पाऊल रोग्यालाच टाकू देतो. हे युरिपिडीसने नुसते कल्पनेने लिहिले असेल, असे वाटत नाही. डॉड्स तर पुराव्याच्या मागे लागतो. डायोनिससच्या उत्सवात बायका खरोखरच डोंगरावर जात, वर्षाआड, भर हिवाळ्यात. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की पार्नासस डोंगरावर अशा बायका हिमवादळात अडकल्या आणि त्यांना सोडवायला गेलेल्यांचे कपडे गोठून लाकडासारखे ताठ झाले. डॉड्सचे अनुमान असे की या विधीने उन्मादाला ठरावीक वेळी, ठरावीक जागी वाट करून दिली. ती नाकारणाऱ्याच्या आतला बांध एके दिवशी फुटतो, तो पेन्थेउस. जत्रेत अंगात आलेल्या बाईला लोक कसे सांभाळून घेतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे अनुमान परके वाटणार नाही.

डॉड्सवर आक्षेप नाहीत असे नाही. ग्रीक विचारातल्या शामानांविषयीचे (तंद्रीत जाऊन आत्म्यांशी बोलणाऱ्या मांत्रिकांविषयीचे) त्याचे प्रकरण आज फारसे कुणी जसेच्या तसे घेत नाही. लाजेकडून अपराधभावाकडे अशी सरळ वाटचाल मांडता येते का, यावर तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी 1993 मध्ये कडक टीका केली: होमरच्या माणसालाही आपले कृत्य आपले म्हणता येत होते, आणि लाज ही काही खालच्या पायरीवरची भावना नव्हे. मला यातला बराच भाग पटतो. पण डॉड्सने स्वतःच लिहून ठेवले आहे की कोणतीही एक किल्ली सगळी दारे उघडील अशी अपेक्षा नाही, मग ती मार्क्सची असो वा फ्रॉइडची. आपल्या लेखातली किल्ली मात्र प्रत्येक दाराला लागते.

पुढच्या भागात युरिपिडीसच्या नाटकाची नायिका मीडिया येणार, असे लेखाखाली छापले आहे. तेव्हा एक विनंती. सोडून गेलेल्या नवऱ्यावरचा सूड एवढ्यावर तिला संपवू नये. इ. स. पू. 431 च्या या नाटकात मुलांना मारण्याआधी मीडिया स्वतःच्या आवेशाला उद्देशून म्हणते, नको, हे करू नकोस, पोरांना सोड. थोड्या वेळाने म्हणते, मी काय अघोरी करायला निघाले आहे ते मला कळते, पण माझा आवेश माझ्या विचारांपेक्षा बलवत्तर आहे. झ्यूस नाही, नियती नाही, एरिनिस नाही. कळते पण वळत नाही, हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केले आहे, तेही सॉक्रेटिस अथेन्समध्ये हयात असताना. आणि त्याचे तर म्हणणे असे की जाणूनबुजून वाईट कुणी करतच नाही. त्या ओळी मराठीत पूर्ण छापाव्यात, आणि गंडाचे नाव द्यायचेच असेल तर त्यानंतर द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा